कार्ड फॉरमॅट करण्याआधी

अमळनेरला लग्नाचे फोटो काढतो, म्हणून सांगतो भाऊ, मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे कोरं करायचं, ते कॅमेऱ्यातच. त्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरवा आणि उघडून बघा. एकदा हळदीचं कार्ड मी न बघताच पुसलं. नवरीच्या मामांचे बोल अजून कानात आहेत.

कार्डावर काय छापलंय ते वाचा. नुसतं एसडी 2 जीबीपर्यंत, त्यावर फायली मांडायची पद्धत फॅट12 किंवा फॅट16. एसडीएचसी 32 जीबीपर्यंत, फॅट32. त्यापुढे 2 टीबीपर्यंत एसडीएक्ससी, एक्सफॅट. हे एसडी असोसिएशनने, म्हणजे या कार्डांचे नियम करणाऱ्या संस्थेने ठरवलेलं. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, म्हणून वरातीचा लांब व्हिडिओ तुकड्यांत पडतो. कॅमेरा बिघडलेला नसतो!

कॉम्प्युटरवरच करायचं झालं तर असोसिएशनचंच फुकट मिळणारं फॉरमॅटर घ्या. क्विक फॉरमॅट फक्त फायलींची यादी पुसतो, फोटो बहुतेक जागेवरच असतात. चुकून झालं तर कार्ड लगेच काढा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचदा परत मिळतात. कार्ड विकायचं असेल तर मात्र ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या फोटोंच्या जागेवर दुसरं काही लिहून ते खरंच पुसा.

फॉरमॅट होतच नसेल तर कडेची लॉकची पट्टी बघा. बॅगेत घासून सरकते ती.