चढ सोपा करायचा तर आधी मागचे दात मोजा

चिखलदऱ्याच्या घाटात मी सायकलवरून खाली उतरले तेव्हा दम शिल्लक होता, बाटलीत पाणीही होतं. उजवा गुडघा मात्र वाटीखाली असा टोचत होता की पुढचं पायडल दाबवेना. पहाटे परतवाड्याहून निघालेल्या आम्हा सहाजणींत मी सगळ्यात मागे, आणि शेवटचे दीड किलोमीटर सायकल ढकलत. नागपूरला परतल्यावर पंधरा दिवस जिन्याचा कठडा धरून चढले. हाडांचे डॉक्टर स्वतः सायकल चालवणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चढावर पाय मिनिटाला किती फेरे मारतात?" मला सांगता येईना. पुढच्या रविवारी सेमिनरी हिल्सच्या चढावर घड्याळ लावून मोजले. ५५ निघाले.

सपाटीवर माझे पाय सहज ८५ फिरतात. म्हणजे घाटात एकेका फेऱ्याला मी कितीतरी जास्त जोर लावत होते, आणि तो सगळा गुडघ्यावर येत होता. माझ्या सायकलला घाटापुरता सोपा गिअरच नव्हता.

आपण नागपूरकर इथेच फसतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आणि बहुतेक सपाट. वर्धा रोडने जा नाहीतर अमरावती रोडने, गिअर कमी पडतोय असं कधी वाटतच नाही. फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सला चढलं तरी जोर काढून उभ्याने पायडल मारेपर्यंत चढ संपतो. रामटेकचा गड थोडा जास्त अंत पाहतो, पण तोही आटोपतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, आणि तिथे चढ संपायची वाट पाहत बसता येत नाही. सपाटीच्या माणसाला घाटाचा सराव नसतो, त्यामुळे सोप्या गिअरची गरज पुण्या-साताऱ्याच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त आहे. तो घेण्यात कमीपणा नाही.

माझी सायकल भाच्याकडून आलेली. गिअर शिमानो १०५, आर ७००० मालिका, ११ स्पीड, म्हणजे मागे ११ चक्रं. पुढे ५२ आणि ३६ दातांची दोन चक्रं, मागे ११ ते २८ दातांची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच. हे आकडे तुमच्या सायकलचे काढा, त्याशिवाय बाजारात जाऊ नका. चक्रांवर दातांचा आकडा बहुधा कोरलेला असतो. नसेल तर एका दाताला खडूची खूण करून मोजा.

आता हिशेब. पुढच्या लहान चक्राच्या दातांना मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राच्या दातांनी भागा. माझं ३६ भागिले २८, म्हणजे १.२९. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक इतके फेरे घेतं. २५ मिमी टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं, म्हणजे माझ्या सगळ्यात हलक्या गिअरमध्येही एका फेऱ्याला २.७ मीटर. मिनिटाला ५५ फेऱ्यांनी ताशी ९ किलोमीटरच्या आसपास वेग होतो. घाटात माझा वेग तेवढाच होता, त्याहून जास्त ताकद माझ्यात नाही. तेव्हा प्रश्न असा मांडला: याच वेगाने चढताना पाय ७० च्या जवळ कसे फिरतील?

मागे ३४ दात घातले तर ५५ चे ६७ होतात. पुढचं चक्र ३६ चं ३४ केलं आणि मागे २८ च ठेवले तर जेमतेम ५८. दोन्ही केलं तर ७१. मी आधी पुढचा क्रँकच, म्हणजे चक्रांसकट पायडलचे दांडे, बदलायला निघाले होते. सीताबर्डीतल्या आमच्या मिस्त्रींनी हटकलं, "ताई, पुढचं काऊन बदलता? पहिले मागचं मोठं करा ना." हिशेब त्यांच्या बाजूने होता. कॅसेट तशीही झिजून बदलावी लागणारी वस्तू आहे, क्रँक महाग.

कॅसेट विकत घेण्याआधी मागची डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, पाहायलाच हवी. तिच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर असतो आणि त्यासोबत एसएस किंवा जीएस. एसएस म्हणजे आखूड पिंजरा, जीएस म्हणजे त्याहून लांब. पिंजरा म्हणजे दोन छोट्या पुली असलेला, चेन ताणून धरणारा डिरेलरचा खालचा भाग. आर ७००० मध्ये एसएसला मागे जास्तीत जास्त ३० दात चालतात, जीएसला ३४. माझी एसएस होती. एका दुकानात मला सांगितलं होतं की ३४ ची कॅसेट तशीच बसेल, काही होत नाही. बसते खरी, पण वरची पुली मोठ्या चक्राला घासते आणि चेनची ढील आखूड पिंजऱ्याला सांभाळता येत नाही. मी जीएस घेतली. ढिलीचाही हिशेब आहे: पुढच्या दोन चक्रांतला फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या-लहान चक्रांतला फरक. ५२ वजा ३६ म्हणजे १६, ३४ वजा ११ म्हणजे २३, बेरीज ३९. या जीएसची मर्यादा बरोबर ३९.

तुमची सायकल आठ किंवा नऊ स्पीडची असेल तर तुमचं काम सोपं. नऊ स्पीडच्या काळातली शिमानोची माउंटन सायकलची डिरेलर रोड सायकलच्या आठ-नऊ स्पीड शिफ्टरशी (हँडलवरच्या गिअरच्या खटक्याशी) जुळते, आणि माउंटनची मोठी कॅसेटही हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसते. ११ स्पीडच्या रोड शिफ्टरला माउंटनची डिरेलर लावू नका. केबल ओढण्याचं माप वेगळं असल्याने गिअर जागेवर पडत नाहीत.

११-३४ की ११-३२, यावर मी बरेच दिवस घातले. ११-३२ मध्ये ११, १२, १३, १४, १६ असे जवळजवळचे दात मिळतात. ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७ अशा उड्या. वर्धा रोडला समोरून वारा असला की १४ आणि १६ ची आठवण येते, हे खरं सांगते. गुडघे धड असतील आणि अंगात जोर असेल तर ३२ पुरे. मला नव्हते पुरत. ३४ घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

काम मी घरच्या बाल्कनीत केलं. लॉकरिंगचं (कॅसेट जागेवर आवळणाऱ्या रिंगचं) टूल, मोठा पाना, चेन व्हिप, चेन तोडायचं टूल, ११ स्पीडची जोडकडी, एलन की आणि ग्रीस एवढं लागतं. जुनी कॅसेट काढताना चेन व्हिपने चक्र धरून ठेवायचं आणि लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने सोडायचं. नव्या कॅसेटसाठी हबवरची एक खाच इतरांपेक्षा अरुंद असते, त्यामुळे चक्रं एकाच प्रकारे बसतात. जबरदस्ती करू नका.

इथे माझी चूक झाली. शिमानोच्या ११ स्पीडच्या ११-३४ कॅसेटला रोड हबवर बसवताना मागे १.८५ मिमीचा वॉशर लागतो. तो डब्यात दिसला, मला वाटलं जास्तीचा असेल. लॉकरिंग घट्ट आवळूनही कॅसेट खुळखुळत होती आणि फुटाळ्यापर्यंत गेले तेवढ्यात गिअर तीनदा उडाले. परत येऊन सगळं उतरवलं, वॉशर घातला, मग पक्की बसली. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायचं. आवळताना कटकट आवाज येतो, तो यायलाच हवा. नंतर मोठं चक्र हाताने हलवून पाहा, जराही हलता कामा नये.

चेनबद्दल काटकसर नको. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ चेनला सँडपेपरसारखी खाते. स्टीलची फूटपट्टी लावा: १२ इंचांत १२ पूर्ण कड्या (बाहेरची आणि आतली मिळून एक) यायला हव्यात. शेवटची पिन १२ इंचांच्या खुणेपुढे इंचाचा सोळावा भाग गेली असेल तर चेन संपली, आणि तशी चेन नव्या कॅसेटवर घालू नका. चांगली असली तरी मोठ्या कॅसेटला ती आखूड पडू शकते. लांबी ठरवताना चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून फिरवा, दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथून पुढे एक बाहेरची आणि एक आतली कडी ठेवा, मग तोडा. घाटात थकलेला माणूस चुकून मोठ्या-मोठ्या जोडीत जातोच, आणि चेन आखूड असेल तर ती डिरेलर मुरगाळते किंवा हँगर, म्हणजे डिरेलर जिथे टांगलेली असते तो तुकडा, मोडते.

आता मागच्या डिरेलरचे स्क्रू. आधी एल लिहिलेला, तिची स्पोककडची हद्द ठरवणारा. डिरेलर हाताने स्पोककडे ढकला, ती मोठ्या चक्राच्या बरोबर खाली थांबायला हवी. एक केसही पुढे गेली तर चेन स्पोकमध्ये पडेल, तेव्हा हे दोनदा तपासा. मग एच, तशीच हद्द ११ दातांच्या बाजूला. त्यानंतर बी स्क्रू: पुढे लहान, मागे मोठं चक्र ठेवून पुली आणि चक्र यांत ५-६ मिमी अंतर येईपर्यंत फिरवा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की अंतर वाढतं. केबलचा ताण सगळ्यात शेवटी.

पुढची चक्रं मी वर्षभराने बदलली, ५०-३४ केली. त्याच क्रँकवर बसली. मोठं चक्र दोन दातांनी लहान झालं म्हणून पुढची डिरेलर खाली घ्यावी लागते, पिंजरा आणि दात यांत १ ते ३ मिमी.

नव्या केबलचं आवरण पहिल्या काही फेऱ्यांत दबून बसतं आणि गिअर आळसावतात. म्हणून हे काम घाटाच्या आदल्या दिवशी करू नका. मधे रामटेकला दोन वेळा जाऊन या, दोन्ही वेळा केबलचा बॅरल (ताण कमी-जास्त करायची गोल घुंडी) गरजेनुसार पाव-अर्धा फेरा फिरवून ताण वाढवा. परतवाड्याला पोहोचल्यावर चढ लागण्याआधी सपाट रस्त्यावरच मागच्या ३४ वर एकदा जाऊन परत या. तिथे कुरकुर ऐकू आली तर उतरून आणखी पाव फेरा द्यायला वेळ असतो.