डुकरीण व्यायला आली की या चुका टाळा

डुकरिणीला व्यायला बहुतेक वेळा माणसाच्या मदतीची गरज पडत नाही. मदत लागते ती पिल्लांना, आणि तीही पहिल्या दिवसात. होतं मात्र उलटं. कळा चालू असताना सगळे भोवती गोळा होतात आणि शेवटचं पिल्लू पडलं की निघून जातात.

तारीख न लिहिणे. मादी फळवल्यापासून साधारण 114 दिवसांनी विते. दिवस भरत आले की ती पेंढा तोंडाने ओढून जागा करू लागते. सड दाबल्यावर सहज दूध आलं तर बहुधा 24 तासांच्या आत वेत होतं. त्या रात्री कुणीतरी जागं राहायला हवं.

घाईने ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं संप्रेरक) टोचणे. ही सगळ्यात घातक चूक. पिल्लू आडवं अडकलं असेल किंवा गर्भाशयाचं तोंड उघडलं नसेल, तर इंजेक्शनने गर्भाशय फाटू शकतं. दोन पिल्लांत सहसा 15-20 मिनिटं जातात; कधी जास्तही. मादी शांत पडून असेल तर थांबा. वेळ लांबतोय असं वाटलं तर तिला उठवून दुसऱ्या कुशीवर निजवा, झालेली पिल्लं सडांना लावा. पिल्लं चोखू लागली की तिच्या अंगातच ऑक्सिटोसिन सुटतं. जोरात कळा देऊनही पाऊण तासात काही आलं नाही, तरच आत तपासायचं: नखं कापलेली, हात कोपरापर्यंत धुतलेला, हातमोजा आणि भरपूर वंगण. पिल्लू हाताला लागत नसेल किंवा सुटत नसेल तर चाचपडत बसू नका, पशुवैद्यांना बोलवा. आणि हो, मागचे पाय आधी आले म्हणून घाबरायचं कारण नाही. कितीतरी पिल्लं तशीच जन्मतात.

थंडी ओळखता न येणे. गोठ्यात आपल्याला उकडत असतं आणि पिल्लू गारठत असतं. नवजात पिल्लाला 32 ते 34 अंशांची ऊब लागते, आईला 20 च्या आसपास बरं वाटतं. म्हणून सगळा गोठा तापवू नका. एका कोपऱ्यात दिवा आणि कोरडा पेंढा ठेवा, आईला तिथे शिरता येणार नाही अशी आड घाला. नाक-तोंड पुसून पिल्लू कोरडं करा. नाळ ओढू नका. रक्त येत असेल तर दोऱ्याने बांधा.

गारठलेलं पिल्लू सडापर्यंत पोचत नाही, मग चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दूध, मिळत नाही. आईच्या पोटात असताना त्याला रोगप्रतिकारक घटक मिळालेले नसतात. ते सगळे चिकातूनच येतात, आणि आतडं ते घेतं जेमतेम पहिला दिवसभर. पिल्लं खूप असली तर पोट भरलेली दांडगी पिल्लं तासभर उबेत ठेवा, तोवर लहानग्यांना पिऊ द्या. अशक्त पिल्लं आईखाली चिरडण्याचा धोकाही पहिले तीन दिवस सर्वांत जास्त. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर आडवी दांडी बसवली तर पिल्लाला निसटायला जागा राहते.

व्याल्यानंतर आईकडे न बघणे. वार (गर्भाशयातलं पिल्लांभोवतीचं आवरण) साधारण चार तासांत पडते. दुसऱ्या दिवशी ती खात नसेल, पोटावर पालथी पडून सड दाबून धरत असेल, कास कडक आणि गरम लागत असेल, तर ताप मोजा. 40 अंशांच्या वर असेल तर त्याच दिवशी पशुवैद्य हवेत, कारण दूध आटलं की पिल्लं काही तासांत खंगतात. बंदिस्त गोठ्यातल्या पिल्लांना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचं इंजेक्शनही लागतं. दुधात लोह फारच कमी असतं.