पावसाळ्यात मुलांचं खेळणं बुडतंय? पार्किंग वापरा

जून ते सप्टेंबर मुंबईत मैदानात नुसता चिखल, मग पोरं संध्याकाळभर मोबाईलवर. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं डब्ल्यूएचओ सांगते, पण ती सलगच हवी असं नाही, तुकडे चालतात.

आम्ही असं करतो: शाळेतून आल्यावर लिफ्ट बंद, जिनाच. मग बिल्डिंगखालच्या पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात अर्धा तास दोरीउड्या, लंगडी, लगोरी, आणि शेजारची दोन-तीन मुलं बोलवाच कारण एकटं मूल लगेच कंटाळतं. जेवणाआधी घरात गाणी लावून नाच, आईबाबांनीपण.

फक्त ओल्या जिन्यावर धावू देऊ नका आणि गाड्यांच्या येण्याजाण्यावर एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवा.