चार पानांचा पेजरँक हाताने कसा काढायचा

ज्या पानाकडे जास्त लिंका ते पान गूगलच्या शोधनिकालांत वर, असं सरसकट सांगितलं जातं. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेला पेजरँक, म्हणजे पानाचं वजन लिंकांवरून काढायचा हिशेब, त्याहून बारीक आहे. लिंक देणाऱ्या पानाकडे स्वतःचं किती आहे आणि ते किती जणांत वाटलं जातंय, यावर सगळं ठरतं. हे नीट समजायचं तर एकदा हिशेब स्वतः करून पाहावा. कॅल्क्युलेटर आणि कागद पुरतो, स्प्रेडशीट असेल तर आणखी बरं.

गडांची माहिती देणारी एक छोटी साइट धरू. पानं चार: मुखपान, राजगड, तोरणा आणि नकाशा. मुखपानावरून राजगड आणि तोरणा या दोन्हींकडे लिंक आहे. राजगडच्या पानावरून मुखपान, तोरणा आणि नकाशा अशा तीन लिंका निघतात. तोरण्यावरून फक्त मुखपानाकडे. नकाशा ही पीडीएफ आहे, तिच्यातून कुठेच लिंक जात नाही.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पानाला एक कॉलम द्या. पहिल्या ओळीत चौघांना सारखे ०.२५ गुण भरा, बेरीज १. मग पुढच्या ओळीत प्रत्येक पानासाठी: त्याच्याकडे लिंक देणाऱ्या प्रत्येक पानाचे जुने गुण भागिले त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंका, या सगळ्याची बेरीज, तिला ०.८५ ने गुणा आणि वर ०.०३७५ घाला. हे ०.०३७५ म्हणजे उरलेले ०.१५ भागिले ४ पानं. कल्पना अशी की वाचक १०० पैकी ८५ वेळा पानावरच्या एखाद्या लिंकवर जातो आणि १५ वेळा कंटाळून भलतंच पान उघडतो.

पहिल्या फेरीत मुखपानाला राजगडकडून ०.२५ ÷ ३ आणि तोरण्याकडून पूर्ण ०.२५ मिळतात:

०.०३७५ + ०.८५ × (०.०८३३ + ०.२५) = ०.३२०८

तसंच राजगड ०.१४३८, तोरणा ०.२१४६, नकाशा ०.१०८३. आता चौघांची बेरीज करा. ०.७८७५ येते, १ येत नाही. बरेच जण इथे आकडेमोड पुन्हा तपासत बसतात, पण ती बरोबर असते. गळती नकाशाच्या पीडीएफमध्ये आहे: तिला मिळालेले गुण पुढे कुणालाच जात नाहीत, म्हणून ०.८५ × ०.२५ = ०.२१२५ नाहीसे झाले. असंच चालू ठेवलं तर बेरीज १ च्या बरीच खाली राहते.

इलाज सोपा आहे. बंद गल्लीत पोचलेला वाचक कुठेही जाऊ शकतो असं धरायचं आणि नकाशाचे गुण चारही पानांत सारखे वाटायचे. मग मुखपानाचं सूत्र असं होतं:

नवं मुखपान = ०.०३७५ + ०.८५ × (जुना राजगड ÷ ३ + जुना तोरणा + जुना नकाशा ÷ ४)

बाकी तिघांतही «जुना नकाशा ÷ ४» घाला. पहिली फेरी आता ०.३७४०, ०.१९६९, ०.२६७७, ०.१६१५ अशी येते, बेरीज १. सूत्रं खाली ओढत जा. मुखपान दुसऱ्या फेरीत ०.३५५१ वर उतरतं, तिसऱ्या फेरीत ०.३७३५ वर चढतं, मग झोके लहान होत जातात. दहाव्या फेरीपर्यंत तिसरा दशांश हलायचा थांबतो: मुखपान ०.३६८, तोरणा ०.२८४, राजगड ०.२२१, नकाशा ०.१२७. पेज-ब्रिन यांच्या अहवालात ३२ कोटी २० लाख लिंकांचा हिशेब साधारण ५२ फेऱ्यांत स्थिरावल्याची नोंद आहे. पानं कोट्यवधी असली तरी फेऱ्या त्या मानाने थोड्याच लागतात.

निकालात एक गंमत आहे. मुखपान आणि तोरणा, दोघांकडेही दोनच लिंका येतात. तरी मुखपान बरंच पुढे, कारण तोरण्याची एकुलती एक लिंक आपलं सगळं त्यालाच देते.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. येणाऱ्या लिंकांनी भागणं ही सर्वात मोठी. भागायचं ते देणाऱ्याच्या जाणाऱ्या लिंकांनी. सूत्रात त्याच ओळीतला आकडा घेतला की स्प्रेडशीट चक्राकार संदर्भाची तक्रार करते. नेहमी वरची ओळ घ्या. १९९८ च्या मूळ निबंधात ०.१५ ला पानांच्या संख्येने भागलेलं नाही, त्यामुळे ते सूत्र वापरल्यास बेरीज १ ऐवजी ४ येते. क्रम मात्र तोच राहतो.

आता एक खोडी करा. तोरण्याची लिंक फक्त नकाशाकडे आणि नकाशाची फक्त तोरण्याकडे फिरवा. दोघांच्या वाट्याला मिळून ०.८८ जातात, मुखपान ०.०५५ वर येतं. ०.८५ च्या जागी १ घातलात तर मुखपान आणि राजगड शून्याकडेच जातात. एकमेकांना लिंका देणाऱ्या टोळ्या याच फटीतून घुसल्या, आणि गूगलने २०१२ मध्ये आपल्या शोधपद्धतीत «पेंग्विन» नावाचा बदल आणला तो अशाच बनावट लिंकांविरुद्ध. आज क्रम ठरवताना इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. वरचा आकडा म्हणजे त्यातला एक घटक.

आपल्या साइटवर हे वापरताना आधी पोरकी पानं शोधा, म्हणजे ज्यांच्याकडे आतली एकही लिंक येत नाही ती. पीडीएफऐवजी साधं पान करून त्यावरून परतीच्या लिंका द्या. लिंकेला «नोफॉलो» (या लिंकेला गुण देऊ नका अशी शोधयंत्राला खूण) लावून बाकीच्या लिंकांचा वाटा वाढेल या आशेवर राहू नका. तो वाटा इतरांना मिळत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं. लिंकेचे शब्दही वाचले जातात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी «अधिक वाचा» लिहिण्यापेक्षा «गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट» लिहा.

पानांच्या मराठी वेबपत्त्यांत एक छुपा घोळ असतो. «पायऱ्या» मधला ऱ एकसंध अक्षर म्हणून टाइप होतो किंवा र खाली नुक्ता (टिंब) देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच, पण पत्ता म्हणून दोन वेगळे. लिंका मोजण्याआधी सगळे पत्ते युनिकोडच्या एकाच रूपात आणा, नाहीतर एकाच पानाचे गुण दोन ओळींत विभागलेले दिसतील.