नमलॉकचा दिवा बघायला शिका

आयटीआयला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा कोर्स करून सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हा याद्या तोंडपाठ होत्या. कीबोर्ड, माऊस, स्कॅनर हे इनपुट. मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर हे आऊटपुट. पेपर त्यावर निघाला, काम निघालं नाही.

पहिल्याच आठवड्यात मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात पाठवलं. पडदा काळाठिक्कर. बाहेर गाडी उभी, हमाल थांबलेले. मी दोन-तीनदा बंद-चालू केलं आणि आमच्या दुकानाच्या मालकांना फोन लावला, "अण्णा, मशीन मेलंय."

"मेलंय कशावरनं? नमलॉक दाब. दिवा लागतोय, विझतोय का बघ की."

नमलॉक म्हणजे कीबोर्डवर आकड्यांच्या बटणांपाशी असलेलं बटण, त्याचा बारका दिवा कीबोर्डवरच असतो. दाबलं की तो लागत होता, विझत होता. कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो. तो दिवा बटण परस्पर लावत नाही. बटण दाबल्याची खबर केबलमधून कॉम्प्युटरकडे जाते, तो ती वाचतो आणि दिवा लावायचा हुकूम कीबोर्डकडे परत धाडतो. म्हणजे इनपुट, प्रक्रिया, आऊटपुट ही सगळी साखळी त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या दिव्यात दिसते. दिवा बदलतोय तर मशीन जिवंत आहे, दोष पडद्याच्या वाटेवर शोधायचा. तसंच निघालं. कॉम्प्युटरकडून मॉनिटरला चित्र नेणाऱ्या व्हीजीए केबलचे दोन्ही स्क्रू सैल होऊन टोक तिरकं झालं होतं. १५ पिना बघितल्या, एकही वाकलेली नव्हती. सरळ बसवून स्क्रू आवळले आणि चित्र आलं.

त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट शिकलो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोतं ठेवलं की वजन सिरियल केबलनं थेट बिलात येत होतं, म्हणजे तिथं काटासुद्धा इनपुट. आणि पावतीला अजून डॉट मॅट्रिक्स का, तर त्याच्या सुया रिबनवर ठोका मारतात, त्या दाबानं खालच्या कार्बन प्रतीही उठतात. इंकजेट किंवा लेझर प्रिंटर असा ठोका मारत नाही.

दिवा बदलतच नसेल, तर आम्ही आधी रॅम, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी, बघतो. यार्डातल्या मशीनमध्ये हळदीची पिवळी धूळ पार स्लॉटपर्यंत गेलेली असते. प्लग काढायचा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा, मगच रॅम उपसायची. सोनेरी पट्टी साध्या खोडरबरानं हलकेच पुसायची. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, मात्र नवख्यानं उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरातल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो आणि प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. बाहेर येणाऱ्या वायरी ओळखता आल्या तरी सुरुवातीला पुष्कळ झालं: पिवळी १२ची, लाल ५ची, नारिंगी ३.३ची.

हल्ली गिऱ्हाइकाकडून फोन करताना मी "बंद आहे" असं सांगत नाही. पंखा फिरतोय, नमलॉक चालतोय, मॉनिटरवर "नो सिग्नल" येतंय, म्हणजे मॉनिटरला वीज आहे, एवढं सांगतो. अण्णा तिकडून तेवढ्यावर दुकानातल्या मुलाच्या पिशवीत केबल घालून देतात.