बॅलन्स ट्रान्सफर करताय? आधी महिन्याचा आकडा काढा

गेल्या जूनमध्ये, शाळेच्या फिया भरून झाल्यावर, लालबागहून माझा आतेभाऊ आला तो कापडी पिशवीत क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं घेऊन. भाड्याची खोली बदलली तेव्हा डिपॉझिटचे पैसे कमी पडले, तिथून कार्डाचं प्रकरण सुरू झालेलं. चहा समोर ठेवला तरी त्याचं लक्ष कागदांवरच. "ताई, दर महिन्याला सहा हजार भरतोय. एकदाही चुकलो नाही. मग एक लाख वीस हजार हलतच का नाहीत?"

पेन्सिल घेतली आणि स्टेटमेंटच्या पाठीवरच हिशोब मांडला. बाकी १,२०,०००. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ४,२००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७५६. झाले ४,९५६. तो भरत होता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, साधारण पाच टक्के, म्हणजे ६,०००. मुद्दलात जमा होत होते १,०४४ रुपये. आणि त्याच कार्डावर महिन्याला हजाराचा किराणा यायचा! बाकी हलणार कशी?

साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षाचे ते ४२ होतात. "कायद्याने ३० टक्क्यांच्या वर घेताच येत नाही" असं अजून बरेच जण सांगतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तशी मर्यादा घातली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या आशेवर राहू नका.

अशा वेळी बॅलन्स ट्रान्सफर, फोनवरच्या भाषेत 'बीटी', कामाला येतं. एका बँकेच्या कार्डावरची बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर कमी व्याजाने नेणं, एवढाच त्याचा अर्थ. कर्ज तेवढंच राहतं, फक्त सावकार बदलतो. नवा सावकार स्वस्त आहे की नाही हे कसं तपासायचं, ते आता क्रमाने बघू.

पहिली पायरी: सगळी स्टेटमेंटं एकत्र

प्रत्येक कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट काढा आणि वहीत चार गोष्टी लिहा: एकूण बाकी, महिन्याचा व्याजदर, ड्यू डेट आणि त्यातली किती रक्कम आधीच ईएमआयमध्ये बदललेली आहे. ही ईएमआयवाली रक्कम वेगळी ठेवायची. तिचा दर बहुतेक कमी असतो आणि ती मुदतीआधी मोडायला दंड पडू शकतो. हलवायची ती साडेतीन टक्क्यांत कुजत पडलेली बाकी.

दुसरी पायरी: तुमचा आकडा

हे काम ऑफर बघण्याआधीचं. लोक नेमकं उलटं करतात. आधी ऑफर आवडते आणि मग हप्ता बसवायला जातात.

पगारातून भाडं, फी, रेल्वेचा पास, लाइट बिल, घरी द्यायचे पैसे वजा करा. उरलेल्यातून दर महिन्याला किती निघतील? चांगल्या महिन्याचा आकडा धरू नका. जूनमध्येही निघतील आणि गणपतीतही निघतील, तेवढेच धरा. भाऊ पहिल्या दमात म्हणाला, "बारा हजार." मी विचारलं, गणपतीला गावी जाताना? जरा वेळ तो पंख्याकडे बघत बसला आणि आठ हजारांवर आला. ८,००० हा त्याचा खरा आकडा. पुढचं सगळं यावरच ठरलं.

तिसरी पायरी: आधी स्वतःचं पाकीट बघा

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये दीड-दीड वर्ष शून्य व्याजाची कार्डं दाखवतात. आपल्याकडे तसं फारसं नाही. इथे बीटी ही बहुतेक वेळा तुमच्याकडे असलेल्या दुसऱ्या बँकेच्या कार्डावरची सोय असते. त्यामुळे 'कुठलं कार्ड घेऊ' याआधी 'कपाटात कुठलं पडलंय' हे विचारा. त्याच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर बाकी हलवता येत नाही. बीटीला पूर्ण लिमिटही मिळत नाही, ठरावीक टक्केच मिळतं. भावाकडे पगार खात्याच्या बँकेचं दोन लाख लिमिटचं कार्ड होतं, कधी वापरलंच नव्हतं. काम तिथेच झालं.

दुसरं कार्डच नसेल तर नवा अर्ज करावा लागेल. त्याआधी आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं कशी फेडली त्याची नोंदवही, काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यातला स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, जास्त तेवढा चांगला. एकाच आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची रिपोर्टात नोंद होते आणि हा माणूस पैशांसाठी हातघाईला आलाय असं दिसतं. जुन्या कार्डाचे हप्ते थकले असतील तर बीटी मिळणं कठीणच. म्हणून हे काम थकायच्या आधी करायचं.

चौथी पायरी: ऑफर रुपयांत मोजा

आपल्याकडे दोन प्रकार चालतात. पहिला, ६० किंवा ९० दिवस बिनव्याजी. दुसरा, ठरावीक महिन्यांचा ईएमआय कमी दराने.

पहिला प्रकार दिसायला गोड. पण १,२०,००० ची बाकी ९० दिवसांत संपवायची तर महिन्याला ४०,००० हवेत. नाही जमलं तर उरलेल्या रकमेला पुन्हा तोच कार्डाचा मूळ दर. वर सुरुवातीलाच प्रोसेसिंग फी. बोनस हातात येणार असेल, मुदत ठेव दोन महिन्यांत संपणार असेल, तर ठीक. आठ हजारवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता ईएमआय. इथे फसगत होते ती 'फ्लॅट' आणि 'रिड्युसिंग' या दोन शब्दांत. भावाला एक ऑफर होती महिना दीड टक्का, रिड्युसिंग. तेवढ्यात दुसऱ्या बँकेचा फोन आला, "सर, फक्त एक टक्का!" साहजिकच त्याला एक टक्का बरा वाटला. मी वही पुढे ओढली.

एक टक्का फ्लॅट म्हणजे व्याज दर महिन्याला पूर्ण १,२०,००० वर, तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी. १,२०० गुणिले १२, म्हणजे १४,४००. दीड टक्का रिड्युसिंगमध्ये व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. बारा महिन्यांचा हप्ता साधारण ११,००० आणि एकूण व्याज १२,००० च्या आसपास. म्हणजे 'एक टक्का'च महाग! रिड्युसिंगच्या भाषेत त्या ऑफरचा वर्षाचा दर २१ टक्क्यांवर जातो. फोनवरच्या मुलाला मी विचारलं, "फ्लॅट की रिड्युसिंग?" तो म्हणाला, "मॅडम, सीनियरशी बोलून सांगतो." अजून सांगतोच आहे.

मग उरला मुदतीचा प्रश्न. दीड टक्का दर आणि दोन टक्के प्रोसेसिंग फी धरून (फीवरही जीएसटी, म्हणजे २,४०० अधिक ४३२) १,२०,००० चा हिशोब असा निघाला. बारा महिने घेतले तर हप्ता ११,००० आणि व्याज, जीएसटी, फी धरून एकूण खर्च १७,००० च्या आसपास. अठरा महिने घेतले तर हप्ता ७,६५७ आणि खर्च २३,९००. चोवीस महिने घेतले तर हप्ता ५,९९१ आणि खर्च ३०,९००.

हप्त्याबरोबर व्याजावरचा जीएसटी वेगळा लागतो हे सांगायला बँका विसरतात. अठरा महिन्यांच्या पर्यायात पहिल्या महिन्याचं व्याज १,८००, त्यावर जीएसटी ३२४, म्हणजे खरा हप्ता ७,९८१. आठ हजारांत जेमतेम बसला. पुढे तो उतरत जातो.

चोवीस महिन्यांच्या हप्त्याकडे जरा परत बघा. ५,९९१. तो भरत होता तेच सहा हजार, फक्त इथे दोन वर्षांत कर्ज संपतं. आणि आठ हजार तो जुन्याच कार्डावर भरत राहिला असता, एक रुपयाची नवी खरेदी न करता, तरी २४ महिने लागले असते आणि व्याज-जीएसटीचे ७१,००० गेले असते. अठरा महिने त्याने घेतले ते हा आकडा बघून.

पाचवी पायरी: होकाराआधी विचारायचं

दर फ्लॅट की रिड्युसिंग? प्रोसेसिंग फी किती, आणि ती हप्त्यात की पहिल्या स्टेटमेंटमध्ये एकरकमी? मुदतीआधी फेडलं तर फोरक्लोजर चार्जेस किती? बीटी चालू असताना याच कार्डावर खरेदी केली तर बिनव्याजी दिवस मिळतात का? एक हप्ता चुकला तर सवलतीचा दर राहतो का? उत्तरं ईमेलवर मागा. ईमेल द्यायला खळखळ करणाऱ्याला नमस्कार करा.

बीटीसाठी बँकेला तुमच्या जुन्या कार्डाचा नंबर लागतो. त्याचा सीव्हीव्ही किंवा ओटीपी लागत नाही. तो कुणी मागितला तर समोर बँक नाही, चोर आहे. शक्यतो आलेल्या फोनवर होकार देऊच नका. बँकेच्या ॲपवरून किंवा कार्डामागच्या नंबरवर स्वतः फोन करून विनंती टाका.

सहावी पायरी: पैसे गेल्यावरचं शेपूट

इथे मी स्वतः आपटले आहे, म्हणून जरा थांबते. काही वर्षांपूर्वी मी बीटी केलं, जुन्या कार्डावर पैसे पोचल्याचा मेसेज आला आणि मी ते प्रकरण मनातून पुसून टाकलं. पण स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचं व्याज चालूच होतं. पुढच्या स्टेटमेंटला तीनशे-साडेतीनशे रुपयांची बाकी आली. ते मी उघडलंच नाही. त्यावर लेट फी, लेट फीवर जीएसटी. बीटीने वाचवलेल्यातले हजारभर रुपये असे गेले आणि क्रेडिट रिपोर्टात डाग पडला तो वेगळाच.

तेव्हा पैसे पोचायला लागणाऱ्या दिवसांत जुन्या कार्डाची ड्यू डेट येत असेल तर मिनिमम भरूनच टाका, आणि पुढची दोन स्टेटमेंटं शून्य येईपर्यंत बघत राहा. ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटले तरच बँकेने खातं थकीत दाखवायचं आणि लेट फी लावायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर कशाला राहायचं? नव्या हप्त्याला पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं ऑटो डेबिट लावा. तारीख जुळत नसेल तर बिलिंग सायकल, म्हणजे बिल निघायची तारीख, निदान एकदा बदलून मिळते, बँकेला सांगा. ऑटो डेबिट 'टोटल ड्यू'चं आहे ना, हेही बघा. बऱ्याचदा ते गुपचूप 'मिनिमम'वर असतं.

बीटी न मिळाल्यास

मुंबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या घरात एक जुनी सोय असते आणि तो ती विसरतो: ऑफिसची पतपेढी. तुम्ही सभासद असाल तर तिचं कर्ज कार्डाच्या ४२ टक्क्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि हप्ता पगारातूनच कापला जात असल्याने चुकायची सोय नाही. मुदत ठेवीवर, विमा पॉलिसीवर किंवा सोन्यावर कर्ज हेही बघता येतं. पाटल्या बँकेत ठेवायच्या तर घरात एकदा बोला. लपवून ठेवलेलं कार्डाचं कर्ज सहसा तिथेच बाहेर येतं, आणि ते बरंच असतं.

एक मात्र टाळा. "साठ टक्के भरा, बाकी माफ" असं सांगणारे फोन येतात. हप्ते भरता येत असताना हे करू नये. रिपोर्टात 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं, असं लागतं आणि पुढे घराचं कर्ज काढताना बँक त्यावरच बोट ठेवते.

जुनं कार्ड

रिकामं झालेलं जुनं कार्ड फार धोक्याचं. लिमिट मोकळं दिसतं, ऑनलाइन सेल लागतो आणि सहा महिन्यांत दोन्हीकडे बाकी. स्वतःवर भरवसा नसेल तर ते बंद करा. बाकी शून्य असेल तर विनंती केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा नियम आहे. विनंती लेखी करा आणि बंद केल्याचा ईमेल जपून ठेवा. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी त्यांचा नंबर १४४४८.