जलदुर्ग आणि बेटं: निघण्याआधी या चुका टाळा

कुलाबा, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, घारापुरी. कोकण किनाऱ्यावर उभं राहिलं की यातलं बहुतेक सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं, आणि फसगत तिथूनच सुरू होते. ‘दहाला निघू, अकराला पोहोचू, जेवायला परत’ हा हिशेब धक्क्यापर्यंत ठीक आहे. पुढचं वेळापत्रक भरती-ओहोटी आणि वारा ठरवतात.

ओहोटीची वेळ पाहिली, तिथी नाही पाहिली

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कुठल्या ओहोटीला, हे फारसं कुणी विचारत नाही. समुद्र दिवसातून दोनदा ओसरतो, पण रोज सारखा ओसरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग: चढणंही कमी, उतरणंही कमी. म्हणून अष्टमीला भर दुपारी पूर्ण ओहोटी असली, तरी किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी तसंच राहू शकतं. ‘ओहोटी तर आहे, मग पाणी का हटत नाही?’ असं म्हणत थांबलेल्यांची भरतीशी गाठ पडते ती अशी.

वेळ काढायची कोळीवाड्यातली रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे ३. दुपारी ३ आणि पहाटे ३ च्या सुमारास भरती, तर सकाळी ९ आणि रात्री ९ च्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती ६ ला, ओहोटी १२ ला. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. रोज वेळ साधारण ४८ ते ५० मिनिटं पुढे सरकते. हे गणित मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चांगलं लागू पडतं, तरी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, शिवाय तिथीचा क्षय-वृद्धी असतेच. तेव्हा ते पडताळ्यासाठी वापरा. नेमकी वेळ छापील भरती-तक्त्यातून किंवा अ‍ॅपमधून घ्या. अ‍ॅपमध्ये ठिकाण कुठलं निवडलंय ते आधी बघा, कारण मालवणला जाताना मुंबईचा तक्ता धरणारे कमी नाहीत. मालवणकडे चढ-उतार मुंबईच्या निम्म्याच्या आसपासच असतो.

कुलाब्याला चालत जायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते पंचमी हे दिवस चांगले. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर दिवस-दोन दिवस टिकतो, त्यामुळे पाणी नीट उतरतं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. ऐन पौर्णिमेची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते. संध्याकाळी गेलात तर परतताना अंधार आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम.

किल्ल्यातून बाहेर पडायची वेळ म्हणजे पूर्ण ओहोटीची वेळ. ओहोटी ९ ला असेल तर साडेसातला वाळूत उतरा, आठपर्यंत किल्ल्यात, नऊला परत फिरा. पाय भिजले तरी साडेनऊपर्यंत किनाऱ्यावर.

एवढी घाई कशाला, असं वाटेल. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही, म्हणून. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. उधाणाला चढ ४ मीटर धरला, तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटीमीटर पाणी वाढतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात मात्र एका तासातच १ मीटर. शिवाय पाणी समोरूनच येतं असं नाही. वाळू सपाट दिसते, पण तिच्यात सखल पट्टे असतात, आणि ते आधी भरतात. तुम्ही उंचवट्यावर फोटो काढत असता आणि तुमच्या नि किनाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात कमरेएवढं पाणी आलेलं असतं. घोडागाडीवाला ‘आता नाही’ म्हणाला तर जास्त पैसे देऊन त्याला तयार करू नका. घोड्याच्या पोटाला पाणी लागलं की गाडी प्रवाहात आडवी व्हायला वेळ लागत नाही.

जाता जाता: पावसाळ्यात ‘आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा’ अशा बातम्या येतात. तो आकडा लाटांचा नसतो, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, आणि तीही तक्त्यातल्या शून्य पातळीपासून मोजलेली. लाटा त्या पातळीच्या वर, वेगळ्या. तक्ता वाचताना हा घोळ केला की पुढचं सगळंच चुकतं.

गाडी वाळूत उभी केली

पुळणीवर गाडी नेण्याला बंदी असते, तरी सुट्टीच्या दिवसात कुणाची ना कुणाची गाडी रुततेच. ओली वाळू टणक वाटते म्हणून गाडी तिच्यावर आणली जाते. तासाभरात खालून पाणी भरतं आणि तीच वाळू भुसभुशीत होते. रुतल्यावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक्सिलरेटर दाबत राहणं. चाक फिरतं, खड्डा करतं आणि गाडी पोटावर बसते. एकदा पोट टेकलं की पुढचं सगळं अवघड.

सगळ्यांना खाली उतरवा. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते (बहुतेक लहान गाड्यांत पुढची) त्यांच्या पुढची-मागची वाळू हाताने, ताटलीने, मिळेल त्याने उकरा. टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि वाळूवर टेकण जास्त मिळतं. पायाखालचे मॅट चाकाखाली सारा. मग आलात त्याच चाकोरीतून, अगदी हलक्या एक्सिलरेटरवर, मागे घ्या. रस्त्याला लागल्यावर हवा भरेपर्यंत गाडी सावकाश चालवा. हे दोनदा करूनही गाडी हलली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. पाणी चाकाला लागलं असेल तर कागदपत्रं आणि सामान काढून घ्या आणि गाडी सोडा. चढत्या पाण्यात गाडीला खांदा लावणं जिवावर बेतू शकतं.

होडीत चढता-उतरताना

अपघात भर समुद्रात होतील अशी धास्ती असते. हातपाय मोडतात ते मात्र धक्क्यावर. होडी थेट पायऱ्यांना लागते तिथे तर जास्तच. जंजिऱ्याचा महादरवाजा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. होडी लाटेवर वर-खाली होत असते. ती वर आलेली असताना, खलाशाचा हात धरून, एका पावलात पायरीवर या. खाली जात असताना पाऊल टाकलं तर पाय अधांतरी राहतो. होडीची कड आणि दगड यांच्या मध्ये हात-पाय कधीही घालू नका. दोघांच्या मधल्या फटीत होडीचं सगळं वजन येतं. पाठीवरची सॅक आधी देऊन टाका, मोबाइल खिशात ठेवा. पायऱ्यांवरच्या हिरव्या शेवाळापेक्षा काळपट, तुकतुकीत थर जास्त घसरडा असतो.

लाइफ जॅकेट अंगावर अडकवलं म्हणजे घातलं असं नाही. सगळे पट्टे आवळा, मग दुसऱ्या कुणाला तरी खांद्यावर धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यातही तसंच सरकेल. मुलाला मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, तो त्यातून निसटतो. लहान मापाचं आणि शक्यतो दोन पायांमधून पट्टा असलेलं मागा, नसेल तर पुढची बोट घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. दिवस स्वच्छ होता, समुद्रही शांत होता. ‘आज काय, समुद्र तर तळ्यासारखा आहे’ म्हणून जॅकेट मांडीवर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि डॉल्फिन दिसला की सगळे एकाच बाजूला धावतात. होडी कलंडायला तेवढं पुरतं. तांडेल (होडीचा प्रमुख) ओरडला तर तो उगाच ओरडत नसतो.

दुपारची फेरी

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी निवांत असतं. दुपारी खारा वारा सुटतो आणि तीनच्या सुमारास लाटा उठायला लागतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत, अशी समोरासमोर गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. जंजिऱ्याजवळच्या राजपुरीच्या खाडीत हे अनुभवायला मिळतं. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी सकाळचीच फेरी धरावी, गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, मधोमध बसून क्षितिजाकडे बघावं. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बहुतेक प्रवासी होड्या बंद असतात. या काळात ‘ओळखीच्या’ होडीवाल्याला गळ घालू नका.

छोट्या गोष्टी पटकन. माणशी ३ लिटर पाणी. तटाचा काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो, आणि जंजिऱ्याच्या तलावाचं पाणी पिऊ नये. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, मुक्काम करता येत नाही, तेव्हा परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याउतरल्या विचारा; हातात थंड पेयाची बाटली असेल तर माकड ती घेणारच. वाळूतून चालताना चपला काढू नका, दगडांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, शिंपल्याचा कण आत राहू देऊ नका, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच पळतो. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

अडकलात तर

वाट पाण्याखाली गेली असेल तर किल्ल्यातच थांबा. वाट पुन्हा उघडायला नऊ-दहा तासही लागू शकतात, पण तटाच्या आत तुम्ही सुरक्षित आहात. पोहत निघालेला माणूस मात्र आडव्या प्रवाहाला सापडतो. ११२ ला फोन करा. समुद्रात कुणी संकटात असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. किती जण, मुलं किती, कुणाला औषध लागतं का, हे एकाच फोनवर सांगा आणि बाकीचे मोबाइल बंद ठेवून बॅटरी वाचवा. प्रत्येकाने घरी फोन करत बसलं की रात्री आठला एकाच्याही मोबाइलमध्ये चार्ज नसतो.

राहायला जाणाऱ्यांच्या चुका

बेटावर घर घेणं किंवा चालवायला घेणं यात लोक आधी नेटवर्क आणि वीज विचारतात. वीज अलीकडची गोष्ट आहे: घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून ती आली २०१८ साली, तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. पण बेटावरचं खरं दुखणं पाणी. सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी चारी बाजूंनी समुद्र असून गोड आहेत, म्हणून कुठेही खणलं की तसंच लागेल असं नाही. पावसाचं पाणी हलकं असल्याने खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. लक्षद्वीपसारख्या वाळूच्या बेटांवर गोड पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उलटं गणितही तेवढंच खरं: उपसून ती पातळी १ मीटर उतरवली की खालून खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. रहाटाने काढलं तर विहिरीला सावरायला वेळ मिळतो. दोन अश्वशक्तीचा पंप लावून टाकी भरली की चैत्र-वैशाखात पाणी मचूळ लागायला लागतं, आणि मग पाऊसकाळ आल्याशिवाय ते सुधारत नाही. लहान पंप, दिवसातून दोनदा थोडा थोडा उपसा, छपराचं पाणी साठवायला टाकी, आणि मार्चपासून दर आठवड्याला चव बघणं. चव बदलली त्याच दिवशी पंप बंद करून प्यायचं पाणी टाकीतून घ्या.